स्पार्क गायब: आधी तपासा, मग बदला

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे.)

मागच्या भागात आपण पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीबद्दल बोललो. त्यानंतर तुमच्याकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. शब्द वेगळे, पण मुद्दा तोच: "सेल्फ जोरात फिरतो, पण जुनी गाडी काही केल्या सुरू होत नाही. स्पार्कच नाही. काय बदलू?"

आजचा सगळा भाग त्या शेवटच्या दोन शब्दांवर आहे. "काय बदलू" हा प्रश्न मीही विचारला होता. त्यात माझे सत्तावीसशे रुपये गेले, आणि आमच्या घरची गाडी भंगारात जायची वेळ आली होती. म्हणून ती हकीकत सांगतो, आणि सांगता सांगता स्पार्क कसा शोधायचा तेही सांगतो.

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी. बऱ्याच जणांना ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून माहीत आहे. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून निघायला लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरात फोटो आले होते. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तो पेपर दिवसभर उशाशी ठेवून होते.

अण्णांनी या गाडीला कधी मेकॅनिकचा हात फारसा लागू दिला नाही. पण गेली काही वर्षं त्यांचे हात थरथरतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, तिथे स्क्रू ड्रायव्हर कुठला धरणार? त्या वर्षी गाडी जूनपासून ताडपत्रीखाली उभी होती. दसऱ्याला धुतली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि किल्ली फिरवली. सेल्फ फिरतोय, फिरतोय, इंजिन काही पकडत नाही.

पुढचे आठ दिवस मी काय केलं ते ऐका. नाना पेठेत गेलो. आधी प्लग आणले. बसवले, काही नाही. मग कॉइल आणली. काही नाही. मग पॉइंट आणि कंडेन्सर आणले, यूट्यूबवर बघून बसवले. तरी काही नाही. अण्णा वरून खिडकीतून बघायचे, बोलायचे काही नाहीत. शनिवारी सकाळी ते म्हणाले, "राहू दे आता. भंगारवाल्याला फोन केलाय. सोमवारी येतोय. बयाणासुद्धा घेतलाय."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी म्हटलं, "अण्णा, सगळं नवीन टाकलंय. आता अजून काय करू?"

त्यावर त्यांनी मला विचारलं, "काय काय तपासलंस?"

मी पुन्हा यादी सांगायला लागलो: प्लग, कॉइल, पॉइंट...

"ते बदललंस रे. तपासलंस काय?"

उत्तर नव्हतं. रविवारी सकाळी ते स्वतः काठी घेऊन खाली आले. बॉनेटसमोर प्लास्टिकची खुर्ची मांडली. माझी लेक किल्लीपाशी, मी बॉनेटखाली, आणि अण्णा खुर्चीत. हात माझे, डोकं त्यांचं.

आता थोडं शास्त्र, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या गाडीत बॅटरीचे १२ व्होल्ट किल्लीतून कॉइलला येतात. कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, थोड्या वेढ्यांचा. दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो वेढ्यांचा. जाड वेढ्याचा प्रवाह डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटमधून अर्थला जातो. पॉइंट म्हणजे एक साधा स्विच, इंजिन फिरेल तसा उघडझाप करणारा. मिटलेला असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. उघडला की ते क्षेत्र एकदम कोसळतं आणि बारीक वेढ्यात हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो रोटर आणि कॅपमधून ज्या प्लगची पाळी असेल त्याच्याकडे जातो.

म्हणजे स्पार्क पडतो तो पॉइंट मिटल्यावर नाही, उघडल्यावर. हे डोक्यात पक्कं बसवा. आणि उघडताना पॉइंटच्या फटीतच ठिणगी पडून सगळी ताकद वाया जाऊ नये, म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला ३००० आरपीएमवर सेकंदाला १०० स्पार्क लागतात. तेवढ्या वेळा तो चिमुकला स्विच उघडतो आणि मिटतो. शंभर वर्षांहून जुनी ही पद्धत. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. एक रस्ता आहे, आणि रस्ता कुठे तुटलाय ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं की सापडतं.

अण्णांनी पहिलं काम दिलं: खरंच स्पार्क नाही का ते बघ. आम्ही गृहीत धरलं होतं, पण नीट पाहिलं कुणी होतं? एका प्लगची वायर काढली, तिला जादा प्लग लावला, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून ठेवलं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. लेकीला म्हटलं, मार सेल्फ. प्लगच्या टोकाशी काहीच नाही. मग कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढली, तिला तोच प्लग लावला. तिथेही अंधार.

या एका पायरीने अर्धी गाडी बाद झाली. समजा कॉइलच्या वायरला स्पार्क आहे आणि प्लगला नाही, तर दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरमध्ये. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे नेहमीचं. कॅपच्या आत दमटपणा साचतो, किंवा केसाएवढी चीर पडून तिथे काळी रेघ उमटते आणि स्पार्क त्या रेघेवरून पळून जातो. कॅप कोरड्या फडक्याने पुसा, उजेडात फिरवून बघा, मधला कार्बन स्प्रिंगवर मागेपुढे हलतोय ना ते बघा. पण कॉइललाच स्पार्क नसेल, तर कॅप, रोटर आणि प्लग यांच्याकडे सध्या बघायचंच नाही. म्हणजे मी सगळ्यात आधी घेतलेले चार प्लग उगाच घेतले होते.

इथे एक सावधगिरी. ही वायर नुसत्या हाताने धरायची नाही, रबरी मुठीच्या पकडीने धरायची. जवळ पेट्रोलचा वास असेल तर आधी तो जाऊ द्या. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी या कामापासून लांबच राहायचं. आणि किल्ली ऑन करून गप्पा मारत बसू नका. पॉइंट मिटलेला असेल तर कॉइल तापत राहते, पॉइंटही जळतो. बघून झालं की किल्ली बंद.

दुसरं काम: टेस्ट लॅम्प. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी. अण्णांचा टेस्ट लॅम्प स्कूटरच्या बल्बचा आहे, माझ्या शाळेच्या दिवसांपासूनचा. मी मल्टिमीटर काढला तर म्हणाले, "तो नंतर. मीटर आकडा दाखवतो, दिवा खरं सांगतो." यात तथ्य आहे. सडलेल्या वायरचा एकच धागा उरला असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण बल्ब पेटवायला करंट लागतो, आणि तो त्या धाग्यातून येत नाही.

लॅम्पचं एक टोक इंजिनाला अर्थ केलं, दुसरं कॉइलच्या ज्या टोकाला किल्लीकडून वायर येते त्याला लावलं. किल्ली ऑन. दिवा लागला, स्वच्छ. म्हणजे बॅटरी, किल्ली आणि इथपर्यंतची वायर ठीक. इथे दिवा लागला नसता तर मागे, किल्लीकडे जायचं. मंद लागला असता तर कुठेतरी गंजलेला जोड.

मग तेच टोक कॉइलच्या दुसऱ्या बाजूला, जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते तिथे लावलं. सगळ्या तपासणीतली ही सगळ्यात मोलाची जागा, म्हणून नीट ऐका. सेल्फ मारला की इथे दिवा लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडला की दिवा लागतो, मिटला की विझतो. लुकलुकतोय म्हणजे पॉइंट आपलं काम करतोय, मग कॉइल आणि कंडेन्सरकडे बघा. दिवा सतत लागलेलाच राहिला, तर पॉइंट मिटत नाही, किंवा मिटला तरी त्यातून करंट जात नाही. आणि दिवा सतत विझलेलाच राहिला, तर ही बाजू कुठेतरी कायमची अर्थ झाली आहे, किंवा कॉइलच आतून तुटली आहे.

आमचा दिवा विझलेला. लेकीने तीनदा सेल्फ मारला. विझलेलाच.

"डिस्ट्रिब्युटरची वायर कॉइलवरून सोड," अण्णा म्हणाले. सोडली, आणि दिवा लागला! म्हणजे कॉइल आतून तुटलेली नाही. ती वायर पुन्हा जोडली की दिवा विझतो. म्हणजे दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये. पाच मिनिटांत आम्ही अख्ख्या गाडीतून मुठीएवढ्या जागेत आलो होतो.

कॅप काढली. अण्णांनी खिशातून एक जुनं व्हिजिटिंग कार्ड काढलं. "याचा तुकडा दोन पॉइंटच्या मध्ये सरकव." सरकवला. आता पॉइंट मिटले तरी एकमेकांना लागणार नाहीत, म्हणजे पॉइंटमुळे अर्थ होत असेल तर दिवा लागायला हवा. नाही लागला.

तेव्हा ते काठी बाजूला ठेवून पुढे वाकले आणि म्हणाले, "शेवटचा हात कुठे लावलास?"

मी म्हटलं, "इथेच. पॉइंट बसवले."

"मग तिथेच बघ. दसऱ्याला जे बिघडलं होतं ते वेगळं. हे तू बिघडवलंयस."

आवाजात राग नव्हता. डॉक्टर सांगतात तसं सांगितलं.

टॉर्च धरला. पॉइंटची स्प्रिंग ज्या खुंटावर बसते, तो खुंट अर्थ असतो. म्हणून तिथे फायबरचे दोन छोटे वायसर असतात, एक खाली आणि एक वर. स्प्रिंग, कॉइलची वायर आणि कंडेन्सरची वायर, या तिघांची टोकं एकमेकांना लागली पाहिजेत, पण खुंटाला किंवा नटाला यातलं एकही लागता कामा नये. मी वरचा वायसर आधी बसवला होता, आणि दोन्ही वायरींची टोकं त्याच्यावर, थेट नटाखाली. त्यामुळे कॉइलचा करंट पॉइंटकडे न जाता सरळ अर्थला जात होता. मी आणखी दहा कॉइल आणल्या असत्या तरी गाडी सुरू झाली नसती.

नट काढला. आधी तिन्ही टोकं, मग वायसर, मग नट. कॅमचा उंचवटा पॉइंटखाली येईल असं इंजिन फिरवलं आणि फिलर गेजने फट बघितली. जुन्या गाड्यांत ती साधारण ०.४ ते ०.५ मिमी असते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असतो, तोच घ्या. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो, तो स्वच्छ कागदाच्या पट्टीने पुसला. हेही मी केलं नव्हतं. लेकीने सेल्फ मारला. दिवा लुकलुकला.

आम्ही सगळे हसलो. पण कॉइलच्या वायरला प्लग लावून पाहिलं तर स्पार्क पिवळा, बारीक, मधूनच गायब. आणि पॉइंटच्या फटीत मात्र निळ्या ठिणग्या चरचरत होत्या.

"कंडेन्सर," अण्णा म्हणाले. "जुना कुठाय?"

जुना मी फेकला नव्हता. नशीब म्हणा किंवा आळस म्हणा, सगळे जुने भाग एका बिस्किटांच्या डब्यात होते. तीन स्क्रूंचं काम. जुना कंडेन्सर लावला आणि सेल्फ मारला. टक्, टक्, टक्! निळा, जाड, आवाज करणारा स्पार्क. नवा कंडेन्सर पुडीतूनच खराब निघाला होता. हे मी आता अनेकांकडून ऐकतो. जुन्या गाड्यांच्या भागांना गिऱ्हाईक कमी उरलंय, आणि नवं म्हणजे चांगलं हे गृहीत धरता येत नाही.

आठ दिवस सेल्फ मारून मारून प्लग पेट्रोलने भिजले होते. ते काढले, पुसले, वाळवले. प्लगच्या वायरी क्रमाने लावल्या. या इंजिनाचा क्रम १-३-४-२. कॅप बसवली. आणि दुसऱ्या प्रयत्नात इंजिनाने पकडलं. आधी खोकली, पांढरा धूर सोडला, मग लागली नेहमीच्या सुरात. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही थोडं हलतं, ते दुसऱ्या दिवशी लावलं.

पण अण्णांचं समाधान झालं नव्हतं. "सुरू झाली हे ठीक. बंद का पडली होती?"

डब्यातून जुने पॉइंट काढायला लावले. आता मल्टिमीटरची पाळी. पॉइंट मिटलेले धरून रेझिस्टन्स मोजला. शून्य यायला हवा. आकडा शेकड्यांत उड्या मारत होता. टॉर्चखाली बघितलं, तर दोन्ही टोकांवर करडा थर. पावसाळाभर उभ्या गाडीत दमट हवेने चढलेला. झिरो पेपर दुमडून मध्ये धरला, चार वेळा ओढला, कोऱ्या कागदाने पुसला, पुन्हा मोजला. शून्य. जुनी कॉइलही मोजली: जाड वेढा ३ ओहमच्या जरा वर, बारीक वेढा ८ हजार ओहमच्या आसपास. ठणठणीत. कॉइल कधी कधी तापल्यावर दगा देते, म्हणून थंड कॉइलच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पण आमची नंतर तीच लावली आणि चालली.

म्हणजे हिशोब बघा. मूळ दोष एक, त्याचा इलाज चार आण्यांचा कागद. त्यावर मी सत्तावीसशे रुपये खर्चून दोन नवे दोष गाडीत बसवले: चुकीचा वायसर आणि खराब कंडेन्सर. आणि त्या दोन दोषांमुळे मूळ दोष कधीच गेलेला असूनही मला कळलं नाही. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की असं होतं. गाडी सुरू झाली तरी का झाली ते कळत नाही, आणि नाही झाली तर जुनं कारण की नवं, तेही कळत नाही.

म्हणून आजच्या भागातून एवढं घेऊन जा. स्पार्क नसेल तर आधी कॉइलच्या वायरला बघा, मग प्लगला. टेस्ट लॅम्प कॉइलच्या दोन्ही टोकांना लावा. एकीकडे स्थिर दिवा, दुसरीकडे लुकलुकणारा. पॉइंट उघडून डोळ्यांनी बघा, कागदाने पुसा. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलली की पुन्हा तपासा. जुना भाग गाडी चार दिवस चालेपर्यंत फेकू नका. आणि कालपर्यंत चालणारी गाडी कुणीतरी हात लावल्यावर बंद पडली असेल, तर पहिल्यांदा तोच हात जिथे लागला तिथे बघा, मग तो हात तुमचा स्वतःचा का असेना.

सोमवारी भंगारवाला आला. अण्णांनी त्याला चहा पाजला, बयाणा परत केला. मला वाटलं, गाडी राहिली. पण महिन्याभराने ते म्हणाले, "आता विक." मी बघतच राहिलो. म्हणाले, "मला चालवता येत नाही, तुला वेळ नाही. पण बंद पडलेली गाडी उचलून न्यायला लावणं आणि चालती गाडी कुणाच्या हातात देणं, यात फरक आहे."

सांगलीकडच्या एका तरुणाने घेतली. अण्णांनी त्याला बिस्किटांचा डबाही दिला, झिरो पेपर लावलेल्या जुन्या पॉइंटसकट. टेस्ट लॅम्प मात्र दिला नाही, तो माझ्याकडे आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याचा फोन आला. गाडी बंद, स्पार्क नाही, काय बदलू काका? मी फोन स्पीकरवर टाकून अण्णांसमोर धरला. त्यांनी विचारलं, "काय बदलू ते नंतर. तुझ्याकडे दिवा आहे का?" नव्हता. त्याने मोटरसायकलचा बल्ब काढून वायरी बांधल्या, आणि पाऊण तास फोनवर तपासणी चालली. पॉइंटवर तोच करडा थर होता. गाडी सुरू झाल्याचा आवाज फोनमधून आला तेव्हा अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "टायमिंग बघितलंस का?"

तर मंडळी, एक बल्ब आणि दोन वायरी आजच बांधून गाडीत ठेवा. पुढच्या भागात कार्बोरेटर घेऊ: स्पार्क आहे, पण पेट्रोल पोचत नाही, तेव्हा काय करायचं. तोपर्यंत तुमच्या गाडीचे प्रश्न पाठवत राहा. फक्त प्रश्नासोबत दिवा कुठे लागला आणि कुठे विझला, तेवढं लिहा. भेटू या, नमस्कार.